वॉशिंग्टन म्हणजे काय? इंग्रजी गावनावाचा आणि त्यावरून पडलेल्या आडनावाचा अर्थ कसा शोधायचा

वॉशिंग्टन म्हटलं की अमेरिकेची राजधानी आठवते, जॉर्ज वॉशिंग्टन आठवतो. त्या घराण्याला हे नाव ज्या गावानं दिलं, ते मात्र इंग्लंडच्या ईशान्य भागात आहे. ऐतिहासिक डरहॅम परगण्यातलं, संडरलंडच्या पश्चिमेचं हे वॉशिंग्टन. नाव ऐकून ‘वॉशिंग’ आणि ‘टाउन’ असे दोन तुकडे पाडले की धोब्यांचं गाव तयार होतं, आणि तो अर्थ साफ चुकीचा आहे. इंग्रजी गावनावांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडतं, कारण नावाचं आजचं रूप आणि त्याचा अर्थ यांच्यात हजारेक वर्षांची झीज असते. खालची पद्धत कुठल्याही इंग्रजी गावनावाला आणि त्यावरच्या आडनावाला लागू पडते. उदाहरण म्हणून वॉशिंग्टनच शेवटपर्यंत सोबत घेऊ.

आधी ठरवा: आडनाव गावावरूनच आलं आहे का?

इंग्रजी आडनावांचे ढोबळ चार उगम आहेत. धंदा (स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी), बापाचं नाव (जॉन्सन, विल्सन), अंगलक्षण किंवा टोपणनाव (ब्राउन, शॉर्ट) आणि ठिकाण. ठिकाणाचेही दोन प्रकार आहेत, आणि ते वेगळे ठेवावे लागतात. हिल, वुड, फोर्ड ही आडनावं घराजवळच्या टेकडीवरून, रानावरून, नदी पायी ओलांडायच्या उतारावरून पडलेली असतात, त्यामागे गाव नसतं. यातली काही नीट दडून बसलेली आहेत. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲटन ॲश’ म्हणजे ‘ॲश झाडापाशी राहणारा’. त्यातला ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला आणि ‘नॅश’ झालं. ॲटली हेही ‘ॲट द ली’, म्हणजे रानातल्या मोकळ्या जागेपाशी राहणारा.

वॉशिंग्टन, ब्रॅडफर्ड, बॅबिंग्टन ही दुसऱ्या प्रकारची. आडनावाच्या शेवटी टन, हॅम, ली, फर्ड, बरी, वर्थ, बी असं काही असेल तर गावाचा संशय घ्यावा, पण लगेच निकाल देऊ नये. बेन्सन बघा. ‘सन’ दिसतो म्हणून ‘बेनचा मुलगा’ म्हणावं, तर ऑक्सफर्डशायरमध्ये बेन्सन नावाचं गाव आहे. त्याचं जुनं रूप बेन्सिंग्टन, आणि त्यात मुलाचा काहीच संबंध नाही. अमुक एक बेन्सन घराणं कुठल्या वाटेनं आलं हे नावावरून कळत नाही, त्या घराण्याची कागदपत्रंच पाहावी लागतात. उलटं उदाहरण आपल्या चांगल्या ओळखीचं आहे: माउंटबॅटन. दिसायला पक्कं इंग्रजी, पण इंग्लंडमध्ये या नावाचं मूळ गाव शोधून सापडणार नाही. जर्मनीतल्या बाटनबर्गवरून आलेलं घराण्याचं नाव पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, इंग्रजीत उलथवलं गेलं. ‘बर्ग’चा ‘माउंट’ झाला आणि तो पुढे येऊन बसला.

नाव मागून सोडवा

इंग्रजी गावनावात बहुधा दोन पदं असतात. मागचं पद ठिकाणाचा प्रकार सांगतं, पुढचं पद ते कुणाचं, कसलं किंवा कुठल्या दिशेचं हे सांगतं. आपल्या पूर, वाडी, खुर्द, बुद्रुकची सवय असलेल्याला हे चटकन समजतं. म्हणून सुरुवात मागच्या पदापासून करावी.

‘टन’ हे जुन्या इंग्रजीतलं ‘तून’. मूळ अर्थ कुंपण; मग कुंपण घातलेली जागा, मग शेतवाडा, मग वस्ती. जर्मनमधला ‘त्साउन’ म्हणजे कुंपण हा त्याचाच भाऊ. आपल्या ‘वाडी’ची वाटही हीच आहे: संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपणातली जागा, त्यावरून वाटिका आणि वाडी. इंग्रजीतला ‘टाउन’ हा याच ‘तून’चा वंशज असला, तरी गावनावातल्या ‘टन’चं भाषांतर ‘शहर’ असं कधीही करू नये. नाव पडलं तेव्हा तिथे शहर नव्हतं, एखाद्याची शेतीवाडी होती.

‘ली’ म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जागा किंवा रानच. ‘फर्ड’ म्हणजे नदीचा उतार. ऑक्सफर्ड हा बैलांचा उतार. ‘बरी’ आणि ‘बरो’ हे ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदीवरून आलेले. ‘चेस्टर’ आणि ‘कॅस्टर’ रोमन छावणीच्या ‘कास्त्रा’वरून. ‘विक’ म्हणजे खास कामासाठीची वाडी, बहुधा दुधदुभत्याची. लंडनमधलं चिझिक आणि उत्तरेकडचं केझिक, दोन्हींचा अर्थ एकच आहे, चीजची वाडी. उत्तरेला येऊन वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या उच्चारामुळे ‘च’चा ‘क’ झाला, एवढाच फरक. ‘बी’ आणि ‘थॉर्प’ हे शेवट त्याच लोकांचे आहेत, म्हणून ते इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात दाट सापडतात. डर्बीचं आधीचं इंग्रजी नाव नॉर्थवर्दी होतं. डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या, लोकांनी ते बदलून हरणांची वस्ती अशा अर्थाचं नाव ठेवलं.

इथे दोन खड्डे आहेत. ‘हॅम’ दोन वेगळ्या शब्दांचं असू शकतं: एक ‘हाम’ म्हणजे घर-वस्ती, दुसरं ‘हम्म’ म्हणजे नदीच्या वळणात अडकलेली ओलसर जमीन. आज दोन्ही सारखीच लिहिली जातात. दुसरा खड्डा ‘डन’चा. तो कधी ‘दून’ म्हणजे टेकडी असतो, कधी ‘देनू’ म्हणजे खोरं. उंचवटा आणि खोलगट भाग यांच्यात घोटाळा झाला की पुढचं सगळं चुकतं.

मुंबईकरांच्या तोंडी असलेल्या एका नावातही अशी फसगत आहे. एल्फिन्स्टनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी ‘स्टोन’ दिसतो, पण त्यात दगड नाही. स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियनमधल्या एल्फिन्स्टन गावावरून हे आडनाव आलं. कोशकार त्याची फोड व्यक्तिनाव, त्यापुढे षष्ठीचा ‘स’ आणि मग ‘तून’ अशी करतात. मुंबईतलं स्टेशन २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, आडनावातला ‘स’ मात्र अजून लोकांना दगडाकडे नेतो.

जुनी रूपं गोळा करा: खरा वेळ इथे द्या

बाकी सगळ्या पायऱ्या मिळून जेवढा वेळ लागेल, त्याहून जास्त वेळ या एका पायरीला द्यावा. वहीत चार रकाने आखा: साल, रोमन लिपीतलं जसंच्या तसं स्पेलिंग, कागदाचं नाव, आणि तो मूळ कागद आहे की नंतरची नक्कल. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. निदान तीन रूपं मिळाल्याशिवाय अर्थाला हात घालू नये, आणि त्यातलं एक तरी १३०० पूर्वीचं असावं.

रूपं कुठे मिळतात? १९२३ मध्ये स्थापन झालेली इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी एकेका परगण्याचे खंड काढते आहे. त्यात गावाखाली सालवार रूपं दिलेली असतात. नॉटिंगहॅम विद्यापीठाचं ‘की टू इंग्लिश प्लेस-नेम्स’ हे संकेतस्थळ फुकट आहे. तिथे गावाची फोड आणि घटकपदांचे अर्थ मिळतात, सुरुवातीला तेवढं पुरतं. १०८६ चं डोम्सडे बुक, म्हणजे राजानं करून घेतलेली इंग्लंडमधल्या जमिनींची पाहणी, ‘ओपन डोम्सडे’ या स्थळावर नकाशासह शोधता येतं. आडनावांसाठी ऑक्सफर्डचा २०१६ मध्ये निघालेला चार खंडांचा कोश आहे, आणि त्यात आडनावाच्या जुन्या नोंदी सालासह दिलेल्या आहेत. ज्या पुस्तकात किंवा स्थळावर अर्थ आहे पण सालासह एकही जुनं रूप नाही, ते बाजूला ठेवावं.

आता वॉशिंग्टन. नवशिका आधी डोम्सडेमध्ये शोधतो आणि त्याला ‘वासिंगेतुने’ असं रूप लगेच सापडतं. तो खूश होऊन ते वहीत उतरवतो आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्याला जोडून टाकतो. पण ही नोंद दक्षिणेकडच्या ससेक्समधल्या वॉशिंग्टनची आहे. डरहॅम आणि नॉर्थंबरलंड हे भाग डोम्सडेच्या पाहणीत नव्हतेच, त्यामुळे डरहॅमचं वॉशिंग्टन तिथे सापडणं शक्य नाही. तेव्हा कुठलाही स्रोत उघडण्याआधी एक बघावं: आपला परगणा त्यात येतो का?

डरहॅमसाठी पाहायचा कागद म्हणजे बोल्डन बुक, डरहॅमच्या बिशपनं ११८३ मध्ये करून घेतलेली आपल्या जमिनींची नोंद. त्यात गाव ‘वासिंग्टोना’ असं येतं. शेवटचा ‘आ’ लॅटिनचा आहे, कारण कागद लॅटिनमध्ये आहे. तो काढून टाकायचा. बोल्डन बुकची मूळ प्रत आज नाही, नंतरच्या नकला आहेत. म्हणजे साल ११८३ चं असलं, तरी अक्षरं नंतरच्या लेखनिकाची असू शकतात. चौथा रकाना यासाठीच.

ससेक्सच्या गावाची वही जास्त श्रीमंत आहे. १० व्या शतकाच्या मध्यातल्या सनदेत ‘वेसिंगातुन’, १०८६ मध्ये ‘वासिंगेतुने’. दोन्ही रूपं शेजारी ठेवून मधलं अक्षर बघा. ‘वेसिंग’ आणि ‘तुन’ यांच्यामध्ये एक ‘आ’ उभा आहे. ‘इंगा’ हे जुन्या इंग्रजीतलं षष्ठीचं अनेकवचन आहे: ‘अमक्याच्या लोकांचं’. १०८६ पर्यंत तो ‘आ’ झिजून ‘ए’ झाला, आणि आजच्या नावात तर त्याची खूणही उरली नाही. म्हणून ससेक्सचं वॉशिंग्टन म्हणजे वासा नावाच्या माणसाच्या कुळाची किंवा अनुयायांची वाडी. डरहॅमच्या रूपात हा ‘आ’ नाही. तिथे नुसतं ‘इंग’ आहे, जे ‘अमक्याशी संबंधित’ एवढंच सांगतं. त्यामुळे ते ह्वॅसा नावाच्या माणसाशी संबंधित असलेली वाडी. आज एकाच स्पेलिंगची ही दोन गावं मुळात दोन वेगळ्या माणसांची आहेत, आणि त्यांच्या बांधणीतही फरक आहे.

कोशात ह्वॅसापुढे तारा काढलेला दिसेल. तारा असलेलं नाव कुठल्याही कागदात सुटं सापडलेलं नसतं, ते अभ्यासकांनी गावनावावरून मागे जाऊन उभं केलेलं असतं. ती अटकळ असते, पण नियमांत बसणारी. आपल्या नोंदीतही तारा जसाच्या तसा उतरवावा. तो गाळला की अटकळीची वस्तुस्थिती होते.

अक्षरं का बदलली ते तपासा

दोन रूपांमधला प्रत्येक फरक समजावून सांगता आला पाहिजे. नुसतं ‘अपभ्रंश झाला’ म्हणून भागत नाही. १०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर लिहिणारे हात बरेचदा नॉर्मन फ्रेंच बोलणारे होते, त्यांच्या जिभेला जे जड गेलं ते कागदावर बदललं. नॉटिंगहॅम हे ठळक उदाहरण. १०८६ मध्ये ते ‘स्नोटिंगेहॅम’ होतं, स्नोट नावाच्या माणसाच्या लोकांची वस्ती. ‘स्न’ हा जोड फ्रेंच तोंडाला नको होता, म्हणून ‘स’ गळाला.

दुसरं कारण म्हणजे लोकांनीच लावलेला नवा अर्थ. रोमन काळातलं ‘एबोराकम’ इंग्रजांना कळेना, त्यांनी ते ‘एओफोरविक’ केलं, म्हणजे त्यांच्या भाषेत रानडुकराची वाडी. मग स्कँडिनेव्हियन आले, त्यांच्या तोंडी ‘योरविक’ झालं, आणि शेवटी यॉर्क. इथे डुकराचा अर्थ खोटा म्हणून टाकून द्यायचा नाही. एका काळच्या लोकांनी नाव कसं ऐकलं त्याची ती नोंद आहे. फक्त तो मूळ अर्थ म्हणून लिहायचा नाही.

तिसरी गोष्ट नदीची. केंब्रिज म्हणजे कॅम नदीवरचा पूल, हे इतकं सरळ दिसतं की कुणी तपासत नाही. जुनं नाव ग्रांटब्रिजच्या वळणाचं आहे, ग्रांटा नदीवरचा पूल. शतकानुशतकं झिजून त्याचं केंब्रिज झालं, आणि मग गावावरून नदीला कॅम म्हणू लागले. नदी आणि गाव यांचं नाव जुळलं की आधी कोण, हे तारखांनीच ठरवावं.

जमीन बघा

अर्थ हाती आला की नकाशा उघडा. उताराचं नाव असेल तर जुन्या रस्त्यानं नदी ओलांडली जात होती का? टेकडीचं असेल तर टेकडी आहे का? स्विंडन म्हणजे डुकरांची टेकडी, आणि त्याचा जुना भाग खरोखर टेकडीवर आहे. ‘हाम’ की ‘हम्म’ हा प्रश्न तर बहुतेक वेळा नदीचं वळण बघूनच सुटतो. दिशेची नावं असतील (सटन म्हणजे दक्षिणेची वाडी, नॉर्टन म्हणजे उत्तरेची) तर कशाच्या दक्षिणेला, ते मोठं जुनं गाव शोधावं. व्यक्तिनावावरच्या गावांना ही कसोटी लागत नाही. वॉशिंग्टनला जमीन काही सांगत नाही.

गावापासून माणसापर्यंत

गावनाव आडनाव कसं होतं याच्या दोन वाटा आहेत, आणि दोन्ही आपल्याकडेही आहेत. पहिली वाट गाव सोडणाऱ्याची. गावात सगळेच त्या गावचे, तिथे ते नाव कुणाला ओळखायला कामाला येत नाही. बाहेर गेल्यावर ते चिकटतं. मंगेशी सोडल्यावर मंगेशकर. म्हणून एखादं आडनाव त्याच नावाच्या गावात न सापडता शेजारच्या परगण्यात दाट सापडलं, तर तो अडथळा नसून पुरावा आहे. दुसरी वाट जमीनदाराची: ज्याच्याकडे गाव, त्याला गावाचं नाव. निंबळकच्या वतनावरून निंबाळकर.

वॉशिंग्टन दुसऱ्या वाटेनं आलं, आणि हे घडताना दिसतं. बोल्डन बुकात विल्यम द हर्टबर्न नावाचा सरदार आहे. ‘द’ म्हणजे लॅटिनमधलं ‘चा, कडचा’. स्टॉक्टनजवळचं हार्टबर्न (अर्थ: हरणांचा ओढा) बिशपला देऊन त्यानं बदल्यात वॉशिंग्टन घेतलं, चर्च आणि चर्चची जमीन सोडून. त्यासाठी वर्षाला ४ पौंड द्यायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला ४ शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचं. जमीन बदलली आणि नावही बदललं. तो आणि त्याचे वंशज पुढे ‘द वेसिंग्टन’ झाले. गाव अदलाबदलीत दुसरं मिळालं असतं, तर अमेरिकेच्या राजधानीचं नाव आज वेगळं असतं. १२ व्या शतकात आडनाव अजून पक्कं झालेलं नव्हतं, हे इथे डोळ्यांनी दिसतं. म्हणून ‘द’ असलेली जुनी नोंद मिळाली की ती आडनावाची आहे की नुसत्या पत्त्याची, हे पुढच्या दोन-तीन पिढ्या बघूनच ठरवावं. तेच नाव बाप, मुलगा आणि नातू वेगळ्या गावी राहूनही लावत असतील, तर ते आडनाव.

स्पेलिंगवर अडून बसू नये. १४१६ ते १४४६ डरहॅमचा प्रायर, म्हणजे तिथल्या मठाचा प्रमुख, असलेला जॉन हा ‘वेसिंग्टन’ असा लिहिला जातो. आडनाव गावापासून दूर गेलं की दोघांची झीज वेगवेगळी होते. नॉर्थंबरलंडमधलं गाव आज बॅव्हिंग्टन आहे, आडनावात मात्र जुना ‘ब’ टिकून बॅबिंग्टन राहिलं. सॉमरसेटमध्येही बॅबिंग्टन नावाचं गाव आहे, म्हणजे या आडनावाला दोन दारं. दोन्हींचा अर्थ बब्बा नावाच्या माणसाशी संबंधित वाडी. महाबळेश्वरच्या बॅबिंग्टन पॉइंटवर पाटी वाचताना तो बब्बा तिथेही येऊन पोचलेला असतो.

घराण्याचा माग काढायचा असेल तर आजपासून मागे जावं, गावापासून पुढे येऊ नये. इंग्लंडची जनगणना १८०१ पासून, १९४१ चा अपवाद सोडून, दर दहा वर्षांनी आहे. माणसांची नावं पद्धतशीर मिळतात ती १८४१ पासून. आडनाव कुठे दाट होतं हे बघायला १८८१ ची जनगणना सोयीची आहे. त्याआधी चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या वह्या, ज्या १५३८ च्या हुकुमानं सुरू झाल्या. त्याहून मागे करांच्या याद्या, विशेषतः १३७७, १३७९ आणि १३८१ चा डोईपट्टी कर. जॉर्ज वॉशिंग्टनच्या पूर्वजांनी नॉर्थम्प्टनशायरमधलं सल्ग्रेव्ह १५३९ मध्ये विकत घेतलं. म्हणजे तोवर हे घराणं डरहॅमपासून दूर दक्षिणेला पोचलं होतं. नुसतं १८८१ च्या नकाशावर विसंबलं असतं, तर हा धागा सुटला असता.

सगळ्यात मोठी चूक

आडनावाचा अर्थ म्हणजे गावाचा अर्थ. घराण्याचा नाही, रक्ताचा तर नाहीच. विल्यम हा ह्वॅसाचा वंशज नव्हता. त्यानं फक्त ह्वॅसाची जुनी वाडी घेतली. अमेरिकेत हे आणखी उघड दिसतं. २००० च्या तिथल्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाच्या दर १० माणसांपैकी सुमारे ९ कृष्णवर्णीय होते. गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी हे आडनाव लहानपणी शाळेत नाव विचारलं तेव्हा स्वतः निवडलं. त्यांच्या नावाचा उगम सांगताना ह्वॅसा आणि विल्यम सांगून थांबणं म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी नाव निवडण्याचा जो हक्क बजावला, तो पुसून टाकणं. उगम दोन ओळींत लिहावा: शब्दाचा वेगळा, या घरात तो शब्द कसा आला त्याचा वेगळा.

याच कारणानं आडनावासोबत विकली जाणारी ‘कुलचिन्हं’ घेऊ नयेत. इंग्लंडमध्ये ढालीवरचं चिन्ह माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं, आडनाव सारखं असणाऱ्या सगळ्यांना मिळत नाही.

नोंद अशी लिहावी

वॉशिंग्टन, डरहॅम. वासिंग्टोना ११८३ (बोल्डन बुक, नंतरची नक्कल). व्यक्तिनाव *ह्वॅसा, जोडपद ‘इंग’, मागचं पद ‘तून’. अर्थ: ह्वॅसाशी संबंधित वाडी. ससेक्सचं वॉशिंग्टन वेगळं: वेसिंगातुन, १० वं शतक, वासिंगेतुने १०८६, वासाच्या लोकांची वाडी. आडनाव: विल्यम द हर्टबर्न यानं जमिनीच्या अदलाबदलीनंतर घेतलं, १२ वं शतक, वेसिंग्टन १४१६–४६, डरहॅम, सल्ग्रेव्ह १५३९. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन घराण्यांसाठी: प्रत्येक घराचा माग वेगळा काढावा.